आयपॉड व्हिडिओ ३० जीबी : डिस्क टकटक करते, तिच्या जागी २५६ जीबी एसडी कार्ड बसवायचं आहे

काळीपाच (प्रश्न)

नमस्कार. आयपॉड व्हिडिओ, ३० जीबी, काळा, मागे मॉडेल ए११३६ असं कोरलेलं. म्युझिक मेनूत सर्च दिसतं, म्हणजे २००६ सालचा असावा.

लक्षणं :
- चालू करताना तीन-चार वेळा टक-टक आवाज, मग फोल्डर आणि उद्गारचिन्ह. मेनू आणि मधलं बटण दाबून रीसेट केला की पाचातून एखाद्या वेळी चालू होतो.
- चालू झाला तर लहान गाणी नीट वाजतात. ४० मिनिटांचा ख्याल मात्र १०-१२ मिनिटांनी अडकतो आणि पुढच्या ट्रॅकवर उडी मारतो.
- चार्ज दोन तासही टिकत नाही.

यात घालायचं संगीत साधारण १९० जीबी आहे, बहुतेक आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या अ‍ॅपल लॉसलेसमध्ये. ख्याल, नाट्यसंगीत, कीर्तनं. ट्रॅक फक्त १,४०० च्या आसपास, कारण एकेक मोठा आहे. कॅसेटवरून उतरवलेल्या काही फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ आहेत.

विचारायचं ते असं. डिस्कच गेली आहे हे उघडण्याआधी कळेल का? या मॉडेलला २५६ जीबी चालेल का, की १२८ची मर्यादा आहे? डिस्कच्या जागी कार्ड जोडणारा अडॅप्टर एका कार्डाचा घ्यावा की चार मायक्रोएसडीचा? आणि बॅटरी सोबतच बदलावी का?

---

झिफपट्टी

उघडण्याआधी कळतं, आणि ते बघितल्याशिवाय एकही भाग मागवू नका. फोल्डर-उद्गारचिन्ह डिस्क मेल्यावर येतं तसंच रिबन (डिस्क बोर्डाला जोडणारी चपटी केबल) सैल झाल्यावरही येतं.

होल्ड (बाकी बटणांना कुलूप लावणारं बटण) बंद ठेवा. मेनू + मधलं बटण दाबून धरा, लोगो दिसताक्षणी सोडा आणि लगेच मधलं + मागे जायचं (रिवाइंड) बटण दाबून धरा. डायग्नोस्टिक स्क्रीन येते. हा भाग डिस्कवर नाही, बोर्डावरच्या चिपमध्ये असतो, म्हणून डिस्क पूर्ण मेलेली असली तरी उघडतो. तिथे मेनू दाबून मॅन्युअल टेस्ट, मग आयओ, हार्डड्राइव्ह, एचडीस्मार्टडेटा. तिथले दोन आकडे महत्त्वाचे :

रिअ‍ॅलॉक्स : खराब होऊन राखीव जागेवर हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). अशा जुन्या डिस्कवर थोडे असतातच. शेकड्यांत असतील आणि दोन दिवसांत वाढत असतील तर डिस्क उताराला लागली.

पेंडिंग सेक्टर्स : वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे. हा शून्यच हवा. तुमचा ख्याल ठराविक मिनिटाला अडकतो, ते बहुधा इथे दिसेल.

दोन्ही शून्य असतील आणि तरी टकटक असेल, तर आधी रिबनवर संशय घ्या.

डिस्क अजून अधूनमधून चालू होते आहे तोवर आतलं संगीत बाहेर काढा. परत रीसेट करून लोगो येताच मधलं + प्ले धरलं की डिस्क मोड येतो, म्हणजे संगणकाला आयपॉड साध्या डिस्कसारखा दिसतो. संगणकावर लपलेल्या फाइल दिसतील असं करा, आयपॉड_कंट्रोल फोल्डरमध्ये म्युझिक आणि त्यात एफ००, एफ०१ अशी फोल्डरं असतात. फाइलींची नावं चार अक्षरांची निरर्थक असतात, पण आतले टॅग (गाणं, गायक यांची नोंद) शाबूत असतात. सगळं एकदम ओढू नका. एकेक फोल्डर घ्या आणि अडकला तो सोडून पुढे जा. मरायला टेकलेली डिस्क एकाच खराब जागी पुन्हापुन्हा वाचायला लावली की उरलेलंही हातचं जातं.

---

काळीपाच

बघितलं. रिअ‍ॅलॉक्स १,२८६, पेंडिंग सेक्टर्स ३४७. काल संध्याकाळी पेंडिंग ३३१ होते. एफ१७ आणि एफ२३ सोडून सगळी फोल्डरं उतरवून झाली.

---

झिफपट्टी

मग प्रश्नच नाही, डिस्क गेली. तिच्यावर रीस्टोर (आयट्यून्समधून आयपॉड नव्याने तयार करणं) चालवून वेळ घालवू नका. रीस्टोर फक्त सुरुवातीचा भाग आणि याद्या नव्याने लिहितं, सगळे खराब सेक्टर तपासत नाही. म्हणून रीस्टोरनंतर चार दिवस बरं वाटतं आणि परत तेच होतं.

मर्यादेचं. १२८ची अडचण आयपॉड क्लासिकच्या २००७ आणि २००८ च्या मॉडेलांना आहे, तुमच्या व्हिडिओला नाही. त्या क्लासिकचं मूळ फर्मवेअर (आयपॉड चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) सेक्टरचा पत्ता २८ बिटांत लिहितं. २^२८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे १३७ अब्ज बाइट आणि थोडे. त्यापुढचं लिखाण गुंडाळून परत सुरुवातीला येतं आणि तिथल्या याद्यांवर पडतं. लोकांची फसगत अशी होते की २५६चं कार्ड त्यात सुरुवातीला छान चालतं आणि संगीत १३० जीबीच्या पुढे गेलं की एका रात्रीत सगळं पुसलं जातं. २००९ चा १६० जीबी क्लासिक (मॉडेल एमसी२९३ चंदेरी, एमसी२९७ काळा) यातून सुटलेला आहे.

तुमच्या ३० जीबीची खरी मर्यादा वेगळी आहे : त्यात मेमरी ३२ एमबीच आहे. ६० आणि ८० जीबीच्या जाड व्हिडिओत ६४ एमबी असते. मूळ फर्मवेअर गाण्यांची सगळी यादी मेमरीत भरतं. ३२ एमबीत साधारण २० हजार ट्रॅकच्या आसपास ते दमतं, साँग्स उघडताच परत चालू व्हायला लागतं. किती जीबी भरलं याच्याशी त्याचा संबंध नाही, ट्रॅक किती हे मोजा. तुमचे १,४०० आहेत, त्यामुळे याची काळजी नको.

अडॅप्टर एका कार्डाचा घ्या. आयफ्लॅश सोलो हा माहितीतला, पूर्ण आकाराचं एक एसडी कार्ड घेतो. चार मायक्रोएसडीचा क्वाड तेव्हाच घ्या जेव्हा एका कार्डात संगीत मावत नाही. प्रत्येक जादा कार्ड झोपेतही थोडा करंट खातं आणि चारांतलं एक बिघडलं तरी सगळं जातं, कारण आयपॉडला ती चार मिळून एकच डिस्क दिसते.

---

तिहाई

झिफपट्टींच्या म्हणण्यात थोडी भर. तुमच्यासारखं मोठमोठ्या ट्रॅकचं संग्रह असणाऱ्यांना फ्लॅशचा फायदा इतरांपेक्षा जास्त होतो. डिस्कवाला आयपॉड पुढची गाणी मेमरीत एकदम भरून घेतो आणि डिस्क थांबवतो. ४ मिनिटांची एमपी३ असेल तर एका फेऱ्यात पाच-सहा गाणी येतात, डिस्क बराच वेळ झोपलेली राहते. ४० मिनिटांचा लॉसलेस ख्याल २०० ते २५० एमबीचा. तो ३२ एमबीत मावणार कुठून? दर काही मिनिटांनी डिस्क उठते, भरते, झोपते. बॅटरी त्यातच जाते आणि डिस्कची झीजही त्यातच. ख्याल ऐकणाऱ्यांचे आयपॉड पॉप ऐकणाऱ्यांच्या आधी का थकतात, याचं एक मोठं कारण हे. कार्डाला उठायचं-झोपायचं नाही, त्यामुळे हा सगळा भार जातो.

जागेचा हिशोब : सीडीच्या दर्जाचा आवाज न दाबता तासाला ६३५ एमबी घेतो, लॉसलेसमध्ये ३०० ते ४०० होतो. १९० जीबी म्हणजे तुमच्याकडे ५०० तासांच्या वर संगीत आहे. २५६चं कार्ड प्रत्यक्षात २३८ दाखवेल, ती फसवणूक नाही. कार्डावर १०००ने मोजतात आणि विंडोज १०२४ने मोजतो. ४५-५० जीबी मोकळी उरेल, पुरेशी आहे.

पण २४ बिट/९६ किलोहर्ट्झ फाइल मूळ फर्मवेअरवर वाजणार नाहीत. अ‍ॅपल लॉसलेस असली तरी १६ बिट आणि जास्तीत जास्त ४८ किलोहर्ट्झ. त्यांची १६ बिट/४४.१ ची प्रत काढा, डिथर (बिट कमी करताना मिसळायचा बारीक खरखराट) चालू ठेवून, आणि मूळ फाइल संगणकावर जपा. कॅसेटचा स्वतःचा खरखराट १६ बिटांच्या पातळीच्या कितीतरी वर असतो, ऐकण्यात काहीही जाणार नाही.

कार्डाबद्दल : पूर्ण आकाराचंच एसडी घ्या. मायक्रोएसडी त्याच्या प्लास्टिकच्या खोबणीत घालून वापरू नका. त्यात धातूचे आणखी आठ स्पर्श वाढतात आणि खिशात हलल्यावर त्यांतला एखादा सुटतो. वेगाच्या मागे जाऊ नका. या आयपॉडची वाट मुळात एटीए या डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीची आहे, व्ही३० किंवा व्ही९० लिहिलेल्या कार्डाचा वेग तिथे वापरलाच जात नाही. साधं, नामांकित, बिलासकट.

आणि आयपॉडमध्ये घालण्याआधी कार्ड तपासा, हे टाळू नका. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफथ्री. पूर्ण जागा लिहून परत वाचतात. लिहिण्याचा वेग सेकंदाला ३० एमबी असेल तर २५६ जीबी लिहायलाच सुमारे सव्वादोन ते अडीच तास, वाचायचा वेळ वेगळा. रात्री लावून झोपा. खोट्या कार्डात ३२ जीबीची चिप असते आणि ते स्वतःला २५६ म्हणवतं. आयपॉडमध्ये त्याची लक्षणं विचित्र दिसतात : पहिली काही शेकडा गाणी नीट, पुढची एकेक सेकंद वाजून पुढे जातात. मग माणूस अडॅप्टर बदलतो, रिबन बदलतो, आणि दोष कार्डातच असतो.

---

पेचकस

उघडण्याची कृती लिहितो, नुकसान बहुतेक तिथेच होतं.

एक, आधी बॅटरी फुगली आहे का बघा. पडद्यावर मध्येच पिवळसर किंवा पांढरा डाग, किंवा पुढची-मागची बाजू यांत एका कडेला जास्त फट, ही फुगल्याची चिन्हं. फुगली असेल तर धातूचं काहीही आत घालू नका. लिथियमच्या पाकिटाला टोक लागलं तर ते पेट घेतं.

दोन, चार्ज अगदी कमी करून बंद करा आणि होल्ड चालू ठेवा.

तीन, पुढची बाजू प्लास्टिकची, मागची स्टीलची, दोन्ही बाजूंना आत खिट्ट्या. गिटारची नखी किंवा मोबाइल दुरुस्तीची प्लास्टिकची पट्टी फटीत घालून, प्लास्टिक आतल्या बाजूला दाबत सरकवत जा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की स्टीलची कड वाकते आणि परत कधी सरळ बसत नाही. (क्लासिकची पुढची बाजू अ‍ॅल्युमिनियमची, खिट्ट्या धातूच्या. त्याला रंगारी लांबी भरायला वापरतात तसा पातळ पत्रा लागतो आणि कड थोडीफार वाकतेच. तुमचा व्हिडिओ त्या मानाने सोपा.)

चार, सुटल्यावर दोन भाग झटक्यात वेगळे करू नका. बॅटरीची आणि हेडफोनची अशा दोन रिबन दोन्ही भागांना जोडलेल्या असतात. बोटभर फट झाली की थांबा. बॅटरीची रिबन धरणारी तपकिरी पट्टी नखाने बोर्डापासून साधारण २ मिलिमीटर वर उचला. ती पूर्ण निघत नाही, काढायचीही नाही. मग रिबन आपोआप सुटते. हेडफोनची रिबन जोडलेलीच राहू द्या, दोन्ही भाग पुस्तकासारखे शेजारी ठेवा. ही रिबन फाटली तर आवाज तर जातोच, होल्डचं बटणही तिच्याच तुकड्यावर असल्याने आयपॉड कायमचा कुलूपबंद होऊ शकतो.

पाच, डिस्क निळ्या रबराच्या गाद्यांवर सुटी बसवलेली असते. उचला, नारिंगी रिबनवरची काळी पट्टी ९० अंश वर फिरवा, रिबन सरळ मागे ओढा. तिरकी ओढली तर टोकाचे सोनेरी स्पर्श खरवडतात. काढण्याआधी फोटो काढा : स्पर्शांची बाजू वर होती की खाली, हे नंतर आठवणीवर सोडायचं नाही.

सहा, अडॅप्टरमध्ये रिबन घालताना काळी पट्टी उभी, रिबन शेवटपर्यंत आत, दोन्ही कोपरे समान, मग पट्टी आडवी. या रिबनवर ४० स्पर्श अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने आहेत. एक कोपरा केसभर बाहेर राहिला तरी कधी डिस्क दिसते, कधी नाही. निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं.

सात, कवच बंद न करता बॅटरी जोडा, संगणकाला लावा, रीस्टोर करा, दोन-चार गाणी वाजवा. मगच बंद करा.

डिस्क ५ मिलिमीटर जाड होती, अडॅप्टर आणि कार्ड त्याच्याहून पातळ. उरलेल्या जागेत मूळ निळी रबरं आणि मऊ स्पंज द्या. रिकामं सोडलं तर चालताना अडॅप्टर हलतो आणि रिबन हळूहळू बाहेर येते. जास्त कोंबलं तर पडदा मागून दाबला जातो आणि पांढरे डाग दिसतात.

बॅटरी सोबतच बदला. एकदा उघडलं की परत उघडताना खिट्ट्या सैल होत जातात.

---

झिफपट्टी

बॅटरीबद्दल पेचकसांशी सहमत नाही. आधी जुन्या बॅटरीवर कार्ड चालतं आहे हे सिद्ध करा, केबल लावून का होईना. दोन्ही एकदम बदललं आणि रीस्टोर अडकलं तर दोष कार्डात, रिबनमध्ये की नव्या बॅटरीत, हे शोधताना तीन गोष्टी एकात एक मिसळतात. कवच न लावता टेबलावर उघडं ठेवूनच कार्ड तपासा, मग त्याच बैठकीत बॅटरी बदला. खिट्ट्या दुसऱ्यांदा उघडायचा प्रश्न येत नाही.

बॅटरीवरच्या आकड्यावर जाऊ नका. पातळ मॉडेलच्या मापाचा सेल मूळचा ४०० एमएएचच्या घरातला. त्याच मापावर ८५० छापलेलं असेल तर छापणाऱ्याने कागदावर क्षमता वाढवली आहे. डिस्कच्या रिकाम्या जागेत मोठा सेल बसतो खरा, पण तुमच्या पातळ पाठीत त्याला हद्द आहे. ३००० एमएएच म्हणून मिळणारे सेल ६०-८० जीबीची जाड पाठ लावली तरच बसतात. ती पाठ तुमच्या पुढच्या बाजूला बसते, जाडी ११ मिलिमीटरवरून १४ होते. आणि यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, त्याने ३००० एमएएच भरायला सहा तासांच्या वरच लागणार, चार्जर बिघडला असं समजू नका.

---

पेचकस

हे मान्य. टेबलावर उघडं ठेवून आधी कार्ड, मग बॅटरी. मी बंद करून उघडायच्या विरुद्ध होतो. फक्त एक : जुना सेल फारच बसलेला असेल तर रीस्टोर चालू असताना व्होल्टेज पडून आयपॉड परत चालू होतो आणि ते कार्डाचं दुखणं वाटतं. दोन तासही टिकत नाही म्हणतात, म्हणजे उघडताना चार्ज कमी ठेवला तरी रीस्टोरच्या आधी केबल लावून पूर्ण चार्ज करून घ्या.

---

काळीपाच

सोलो आणि २५६चं पूर्ण आकाराचं कार्ड आणलं. एचटूटेस्टडब्ल्यू रात्रभर चालवून स्वच्छ आलं. रिबन बसवली, डिस्क मोड येतो, विंडोजला २३८ जीबी दिसते. पण आयट्यून्समध्ये रीस्टोर निम्म्यावर जाऊन त्रुटी १४३९ येते. तीनदा केलं. पोर्ट लॅपटॉपच्या डॉकचा आहे. बॅटरी जुनीच, पूर्ण चार्ज केलेली.

---

तिहाई

डॉक आधी काढा. १४३९ चा अर्थ इतकाच की रीस्टोर करताना आयपॉड आणि संगणक यांचं बोलणं मध्येच तुटलं. का तुटलं ते तो आकडा सांगत नाही, म्हणून एकेक कारण वगळत जावं लागतं. स्वस्तातलं आधी :

१. हब किंवा डॉक नको, सरळ लॅपटॉपचा पोर्ट, शक्यतो जुना यूएसबी २. केबल दुसरी घ्या. ३० पिनांच्या जुन्या केबली आतून तुटलेल्या असतात, चार्ज होतं आणि डेटा अधूनमधून जातो.

२. कार्डावरचं जुनं विभाजन पुसा. मोठी कार्डं एक्सफॅट फॉरमॅटची असतात, आयट्यून्स ते सहसा स्वतः पुसतं पण कधी अडकतं. कार्ड काढून रीडरमध्ये घाला, विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये योग्य डिस्क निवडून क्लीन ही आज्ञा द्या. डिस्कचा क्रमांक दोनदा वाचा, चुकीच्या डिस्कवर क्लीन गेलं तर संगणकाचा डेटा जाईल. फॉरमॅट करू नका, कोरंच ठेवा.

३. आयपॉड आधी स्वतः डिस्क मोडमध्ये न्या आणि मग केबल लावा. रीस्टोर चालू असताना विंडोज ‘फॉरमॅट करू का’ विचारेल, नाही म्हणा.

४. तरीही नाही, तर कुठलं तरी जुनं ८ किंवा १६ जीबीचं कार्ड घालून रीस्टोर करा. यातून सगळ्यात जास्त कळतं. लहान कार्ड चाललं तर रिबन, अडॅप्टर, केबल सगळं ठीक आहे आणि तुमचं २५६चं कार्ड त्या अडॅप्टरशी जुळत नाही. काही कार्डं खरी आणि निर्दोष असूनही या अडॅप्टरच्या चिपशी बोलत नाहीत. विकणारे चाललेल्या-न चाललेल्या कार्डांची यादी देतात, ती बघा. लहानही नाही चाललं तर रिबन काढून परत बसवा.

---

काळीपाच

डॉक काढून, केबल बदलूनही परत १४३९. लहान १६ जीबी कार्डावरही तेच! मग रिबन काढली, उजवा कोपरा खरंच थोडा बाहेर होता. परत बसवली, १६वर रीस्टोर पहिल्या फटक्यात झालं. २५६चं कार्ड क्लीन करून लावलं, तेही झालं. ख्याल अखंड वाजतोय.

आता दोन शेवटचे. रॉकबॉक्स (मूळ फर्मवेअरऐवजी चालणारं मोफत सॉफ्टवेअर) घालावं का? आणि एचडीस्मार्टडेटात आता सगळे शून्य दिसतात, हे बरोबर आहे ना?

---

तिहाई

शून्य बरोबर आहे. ते आकडे डिस्क स्वतः नोंदवते आणि कार्डामागचा अडॅप्टर तशी नोंद देत नाही. याचाच दुसरा अर्थ असा की पुढे कार्ड बिघडायला लागलं तर ही स्क्रीन काही सांगणार नाही. संगणकावरची प्रत जपा आणि गाणी उड्या मारू लागली तर कार्ड काढून एचटूटेस्टडब्ल्यूने तपासा.

रॉकबॉक्स : तुमच्या संग्रहासाठी घाला म्हणेन, तीन कारणांनी. फ्लॅक (लॉसलेसचाच दुसरा प्रकार) चालतं, त्यामुळे पुढे रूपांतर करायला नको. बुकमार्क आहेत : दीड तासाचं कीर्तन ५२व्या मिनिटाला सोडलं तर आठवड्याने तिथूनच सुरू होतं, मधे दुसरं काही ऐकलं तरी. आणि रिप्लेगेन (सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय) आहे. जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं नाट्यगीत आणि नवं ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ लावलं की आवाजात केवढा फरक पडतो ते तुम्हाला माहीत आहेच. संगणकावर एकदा सगळ्या फाइलींना रिप्लेगेनचे टॅग लावून घ्या, मोड ट्रॅकऐवजी अल्बम ठेवा. ट्रॅक ठेवलात तर एकाच मैफिलीतला विलंबित आणि द्रुत यांचा मूळचा चढ-उतार सपाट होतो.

फॅट३२ (विंडोजच्या पद्धतीचं फॉरमॅट) लागतं. तुम्ही विंडोजवर रीस्टोर केलंय म्हणजे तसंच आहे. मॅकवर रीस्टोर केलेल्याला रॉकबॉक्स चालत नाही. रॉकबॉक्स युटिलिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, आयपॉड व्हिडिओ निवडा. मूळ फर्मवेअर जात नाही : चालू होतानाच होल्ड सरकवलं की तेच उघडतं. डेटाबेसमध्ये ‘मेमरीत भरा’ हा पर्याय बंद ठेवा, ३२ एमबी गाण्याच्या बफरला राहू द्या.

---

झिफपट्टी

काळीपाच ताई, देवनागरी टॅगबद्दल आताच ठरवा, नंतर १,४०० फाइली बदलायचा कंटाळा येतो. रॉकबॉक्सच्या फाँटमध्ये युनिफाँट निवडला की देवनागरी अक्षरं दिसतात, पण जोडाक्षरं जुळत नाहीत. हलंत सुटा दिसतो, र्‍हस्व इकार अक्षराच्या मागे जाऊन बसतो. ‘भक्तिगीत’ वाचताना दर वेळी अडखळायला होतं. आयपॉडमधल्या प्रतीला रोमन टॅग लावा, संगणकावरच्या मूळ प्रतीला देवनागरी ठेवा. नावाचा एकच साचा धरा : राग, मग गायक, मग वर्ष. ‘यमन’ एका ठिकाणी वायने आणि दुसरीकडे आयने लिहिलं की यादीत दोन राग होतात.

आणि बॅटरी बदलून कवच बंद करण्याआधी एक तास तसंच वाजत ठेवा, मध्ये मध्ये हातात घेऊन हलवून बघा. रिबन परत सरकणार असेल तर तेव्हाच सरकेल.